वाचलेल्याची वही

वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवते म्हटलं की समोरचा माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो. आजवर किती झाली? आणि कोणतं ॲप वापरता? पहिल्याचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचं देता येत नाही, कारण माझी वही खरोखरच वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. बँकेतल्या नोकरीची सवय, दुसरं काय! रेघा आखलेलं पान समोर असलं की मला लिहावंसं वाटतं. नोकरीत असताना सुरू केलेली ही वही निवृत्तीनंतरही चालू आहे आणि तिच्यात काय लिहावं याबद्दलची माझी मतं बरीच इकडची तिकडे झाली आहेत. सध्याची देते.

१. पुस्तकाची माहिती कमी, आपली जास्त

माझे वडील सातारा जिल्ह्यात शिक्षक होते. त्यांचीही अशी वही होती. अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, तारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘उत्तम’, ‘बरे’, क्वचित ‘सामान्य’. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. ते गेल्यावर ती वही मी हौसेने मागून घेतली आणि रात्री उघडून बसले. फडके, खांडेकर, माडखोलकर, साने गुरुजी. पानामागून पान. त्या पिढीतल्या कुठल्याही मराठी शिक्षकाने हेच वाचलं असणार, हे वही न उघडताही सांगता आलं असतं. एवढ्या सगळ्या नोंदींमध्ये फक्त एका ठिकाणी त्यांची लेखणी रकान्याबाहेर गेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पुढे समासात बारीक अक्षरात लिहिलंय : ‘हिला वाचून दाखवले. कंदिलात दोनदा तेल घातले.’

ही म्हणजे आमची आई. तिला लिहिता-वाचता येत होतं, पण चष्म्याचा नंबर वाढलेला आणि नवा करायला पैसे नाहीत, असा तो काळ. माझ्या दृष्टीने त्या अख्ख्या वहीत एवढी एकच नोंद आहे.

लेखक, प्रकाशक, साल हे सगळं कुठल्याही ग्रंथालयाच्या तालिकेत मिळतं. शं. गो. दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंत निघालेल्या मराठी ग्रंथांची सूची केली, पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. असं डोंगराएवढं काम कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेलं असताना घरच्या वहीत तेच पुन्हा उतरवण्यात काय हशील? कंदिलाचं तेल मात्र दात्यांच्या सूचीत सापडणार नाही.

२. चार गोष्टी पुरतात

पुस्तक कुठून आलं, कुणी सांगितलं, कुठे बसून (किंवा उभं राहून) वाचलं आणि कुठे अडलं. माझी एक जुनी नोंद जशीच्या तशी देते :

‘बनगरवाडी. ग्रंथालयाची प्रत, बांधणी नवी, मधलं एक पान चिकटपट्टीने जोडलेलं. डब्यातल्या आटपाडीच्या बाईंनी सांगितलं, आमच्याकडचं आहे म्हणाल्या. जाता-येता, बहुतेक उभ्याने. तालमीचं बांधकाम निघालं तेव्हा भायखळा. दुष्काळाची पानं घरी वाचली, डब्यात नको वाटली.’

यात समीक्षा औषधालाही नाही. माडगूळकरांच्या शैलीबद्दल अक्षर नाही. तरी ही नोंद वाचली की मला ती कादंबरी आणि ती गाडी दोन्ही दिसतात. बाईंच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वाससुद्धा येतो. याउलट सुरुवातीच्या काळात मी अर्धं अर्धं पान भरून ‘लेखकाने ग्रामजीवनाचे प्रभावी चित्रण केले आहे’ छापाचं लिहीत असे. ते आता वाचवत नाही. परीक्षेच्या पेपरातलं उत्तर वाटतं.

जुन्या ग्रंथालयीन पुस्तकांत शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी डकवलेली असायची. पुस्तक घेतलं की मी आधी ती बघायची. ‘मृत्युंजय’ची चिठ्ठी भरून वर दुसरी चिकटवलेली, तर उद्धव शेळक्यांच्या ‘धग’वर माझ्याआधीचा शिक्का कैक वर्षांपूर्वीचा. आधीच्या वाचकाची तारीख मी नोंदीत उतरवून ठेवत असे. कोण असेल, का घेतलं असेल, असा उगाच विचार करायला बरं पडतं. आता देवघेव संगणकावर गेली, चिठ्ठ्या गेल्या. सोय झाली हे खरं, पण माझा एक रकाना बंद पडला.

३. तारे, गुण, टक्के नकोत

पाचपैकी साडेतीन म्हणजे नेमकं काय, ते मला समजलेलं नाही. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ या दोन्हींना माझ्याकडून पाच तारे. दोन्हींवाचून माझं पान हलत नाही. पण मग त्या ताऱ्यांवरून कळलं काय?

४. आवृत्ती लिहाच

आता मी मघाशी म्हटलं त्याच्या उलट बोलते आहे असं वाटेल. प्रकाशनाचा तपशील नको म्हटलं, पण जिथे त्या तपशिलाने वाचलेला मजकूरच बदलतो तिथे तो हवाच.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईच्या या भिक्षुकाने १८५७च्या धामधुमीतला आपला उत्तरेतला प्रवास मागाहून लिहून काढला. ते पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण जसंच्या तसं नाही. बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यायला १९६६ साल उजाडलं. म्हणजे साठ वर्षं मराठी वाचक जे ‘माझा प्रवास’ वाचत होते त्यात वैद्यांचा हात होता. आमच्या वाचनगटात एकदा यावरून चांगलीच जुंपली. एक गृहस्थ म्हणत, हे असं पुस्तकात नाहीच. दुसरे म्हणत, आहे, मी स्वतः वाचलंय. दोघेही खरं बोलत होते. शेवटी दोघांनी आपापली प्रत आणली तेव्हा चहा प्यायला गेलो.

‘स्मृतिचित्रे’चंही तेच. संक्षिप्त आवृत्ती आहे आणि संपूर्णही आहे. ‘वाचलंय’ म्हणणाऱ्याला मी हल्ली विचारते, केवढं होतं? जाड की बारीक? (वडिलांनी आईला कुठलं वाचून दाखवलं ते त्यांनी लिहिलेलं नाही. कंदिलावरून अंदाज करायचा.)

आणि पृष्ठांक लिहायचा असेल तर आवृत्तीशिवाय तो कुचकामी. ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलरकडे गेली. टाइप बदलला, पानं सरकली. म्हणून मी पानाऐवजी प्रकरण किंवा प्रसंग लिहिते : ‘मनी जाते तिथे.’ कादंबरी वाचलेल्याला एवढं पुरतं.

५. अनुवादकाला मूळ लेखकाच्या शेजारी जागा द्या

माझ्या वहीत ‘पाडस’ रॉलिंग्जच्या नावावर आहे तेवढंच राम पटवर्धनांच्याही. ‘चौघीजणी’ शांताबाई शेळक्यांची. कॉनरॅड रिक्टर हा अमेरिकन लेखक मला कुणी सांगितला असता तरी मी त्याच्या वाटेला गेले नसते. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ वाचली ती केवळ जी. ए. कुलकर्ण्यांनी केली म्हणून. अशा वेळी नोंद कुणाच्या नावाने करायची? मी दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरात लिहिते. काही प्रकाशक अजूनही अनुवादकाला आतल्या पानावर ढकलतात. निदान आपल्या वहीत तरी त्याला मुखपृष्ठावर आणावं.

६. संगणक चांगला, पण त्याला मराठी नावं शिकवावी लागतात

माझ्या भाच्याने एका सुट्टीत माझी सगळी वही एक्सेलमध्ये भरायला घेतली. पोरगं हुशार, मावशीच्या पायाशी लॅपटॉप घेऊन बसलं आणि तासाभरात वैतागलं.

“मावशी, हे आरती प्रभू आणि खानोलकर वेगळे का?”

“एकच. कविता आरती प्रभूंच्या, कादंबऱ्या खानोलकरांच्या.”

“आणि कुसुमाग्रज?”

“तेच शिरवाडकर. नाटकं शिरवाडकर म्हणून.”

“मग ठणठणपाळ?”

“दळवी. जयवंत दळवी.”

“तुमच्या लेखकांकडे आधार कार्ड नव्हतं का गं?”

शेवटी आम्ही दोन रकाने केले : पुस्तकावर छापलेलं नाव आणि खरं नाव. मग प्रश्न आला अकारविल्हे लावण्याचा. जी. ए. कुठे जाणार, ज मध्ये की क मध्ये? ग्रंथालयवाले आडनावाने लावतात, ते शास्त्राला धरून आहे, पण जी. एं.ना क मध्ये शोधणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. तसंच पु. लं.चं. माझ्या यादीत हे दोघे आद्याक्षरांवर बसलेत, बाकी सगळे आडनावावर. नियमाला अपवाद दोन, आणि दोन्ही मला तोंडपाठ.

शोधाची गंमत वेगळीच. जुन्या पुस्तकांवर नावं जुन्या शुद्धलेखनाने छापलेली. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ते तसेच आहेत. ‘माणसं’ की ‘माणसे’, ‘बलुतं’ की ‘बलुते’, एक टिंब इकडचं तिकडे झालं की यंत्र सरळ ‘सापडलं नाही’ म्हणतं. उपाय साधा : एका रकान्यात पुस्तकावरचं नाव हुबेहूब, शेजारच्या रकान्यात आपण बोलतो तसं. शोध दुसऱ्यात घ्यायचा.

मोबाइलने पुस्तकामागचा बारकोड टिपला की माहिती आपोआप भरते, अशीही सोय भाच्याने दाखवली. नव्या पुस्तकांना ती लागू पडते. माझ्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांच्या पाठीवर बारकोड नाहीच. त्या जागी लेखकाचा फोटो आहे नाहीतर त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात. ती सगळी हाताने भरावी लागली. एक्सेलची फाइल आहे अजून, शोधायला कामी येते. पण नवी नोंद आधी वहीत, मग सवडीने तिकडे.

७. दिवाळी अंकांसाठी वेगळी पानं

हा प्रश्न मराठी वाचकालाच पडतो आणि त्याचं तयार उत्तर कुठल्याही ॲपमध्ये नाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपलं निम्मं चांगलं वाचन पुस्तकाबाहेर होतं. दीर्घकथा आधी अंकात येते, दोन-चार वर्षांनी संग्रहात जाते, कधी शीर्षक बदलून, कधी वाढून कादंबरी होऊन. मग पुस्तक हातात घेतल्यावर पंधराव्या पानावर लक्षात येतं, अरे, हे तर वाचलंय! कुठे, ते काही केल्या आठवत नाही.

मी काय करते ते सांगते. अंक ही नोंद नाहीच. आख्खा अंक कुणी वाचतो यावर माझा विश्वास नाही. नोंद एकेका कथेची किंवा लेखाची : लेखक, शीर्षक, कुठला अंक, साल आणि एका ओळीत गोष्ट. शीर्षक बदललं तरी गोष्टीवरून पत्ता लागतो. ‘म्हातारा घड्याळं दुरुस्त करतो, मुलगा विकायला काढतो’ एवढं बस. ही नोंद त्याच आठवड्यात करावी, कारण अंक फार दिवस घरात राहत नाहीत. शेजारी जातात, माहेरी जातात आणि पुढच्या दिवाळीत रद्दीत. ज्यांच्याकडे ‘सत्यकथा’चे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत (मासिक १९८२ मध्ये बंद झालं), त्यांच्या घरी चहाला जात राहावं, हा यातलाच एक उपनियम.

८. ज्यांना शेवटची तारीख नसते अशी पुस्तकं

‘ज्ञानेश्वरी’च्या नऊ हजारांवर ओव्या. आमच्या सासूबाई सप्ताहात पारायण करायच्या, दरवर्षी. त्यांनी ती किती वेळा ‘वाचली’? आणि मी, जिने नववा आणि बारावा अध्याय पुनःपुन्हा वाचला आणि काही अध्यायांना हातही लावलेला नाही, मी वाचली की नाही? तुकोबांच्या गाथेचंही असंच. कुठेही उघडावी, चार अभंग वाचावेत, मिटावी. विश्वकोशाचे खंड तर एक गोष्ट बघायला काढायचे आणि वाट चुकून तिसरीकडेच रमायचं.

यांच्यासाठी वहीची मागची काही पानं राखून ठेवली आहेत. तिथे ‘वाचून झाले’ हा रकानाच नाही.

९. अर्धवट सोडलेल्यांचीही नोंद

लाज वाटण्याचं कारण नाही. कुठे सोडलं आणि का, ते लिहावं. ‘प्रस्तावनेतच दमले’, ‘टाइप बारीक’, ‘नायक फार रडतो’, ‘घरात आजारपण’. यातली शेवटची कारणं सर्वांत महत्त्वाची, कारण त्यात पुस्तकाचा काही दोष नसतो. माझ्याकडे अशी काही पुस्तकं होती जी पुढे वय वाढल्यावर सहज वाचून झाली. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा चहूकडे त्याचीच चर्चा होती. मी निम्म्यावर ठेवलं, पुढे लिहिलंय ‘बाई फार कठोर’. नंतर कधीतरी पुन्हा घेतलं तेव्हा ती ओळ खोडावीशी वाटली. खोडली नाही. खाली दुसऱ्या शाईने लिहिलं, ‘कठोर आहेच, बरं आहे.’

१०. वर्षाचं लक्ष्य ठेवू नये

यंदा पन्नास, पुढच्या वर्षी साठ, अशा पैजा हल्ली तरुण मंडळी लावतात. उत्साह चांगला आहे. पण डिसेंबर आला की हात आपोआप सडपातळ पुस्तकांकडे जातो. मग ‘रणांगण’ केवळ बारीक म्हणून वाचलं जातं आणि त्या पुस्तकावर अन्याय होतो. ते वाचल्यावर लगेच दुसरं हातात घेताच येऊ नये. माझ्या वहीत अनुक्रमांक नाहीत. बँकेत आयुष्यभर बेरजा केल्या, तेवढ्या पुरे.

११. वाचायच्या पुस्तकांची यादी इथे नको

चार्ल्स डार्विन १८३८ पासून वाचलेल्या आणि वाचायच्या, अशा दोन्ही याद्या ठेवत असे. त्याला त्यातून सिद्धान्त उभा करायचा होता. मला नाही. वाचायच्या पुस्तकांची नावं मी भाजीच्या यादीमागे, गाडीच्या पासाच्या पाकिटात, कुठेही लिहिते. त्यातली टिकतात ती वाचते.

१२. उसनवारीची पाटी वेगळी

पुस्तक कुणाला दिलं ते मी कपाटाच्या आतल्या दाराला लावलेल्या कागदावर लिहिते आणि नेणाऱ्याच्या देखत लिहिते. एवढ्याने बरीच पुस्तकं परत येतात. आली नाहीत की वर्षभराने नाव खोडायचं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. नातं पुस्तकापेक्षा महाग की स्वस्त, हे पुस्तक कोणतं यावर अवलंबून. ‘रुचिरा’ मी कुणालाच देत नाही.

१३. मागचं सगळं आठवून लिहायला बसू नये

वही नवीन घेतली की मोह होतो, लहानपणापासूनचं सगळं लिहून काढू. मीही लिहायला बसले होते. ‘श्यामची आई’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, शाळेच्या पेटीतली पुस्तकं. इथवर ठीक चाललं. मग आले बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस. मे महिन्यात आजोळी आम्ही मामेभावंडं त्या पुस्तकांवर तुटून पडायचो. झुंजार कुठल्या गोष्टीत होता आणि काळा पहाड कुठल्या, मुखपृष्ठावर पिस्तूल होतं की घाबरलेली बाई, सगळ्यांची भेळ झालेली. मामेभावाला फोन लावला, तर तो म्हणाला, शेवटची पानं तर उंदरांनी खाल्लेली असायची, खुनी कोण ते आपणच ठरवायचो. अर्धा तास आम्ही त्यावरूनच भांडलो, कारण त्याचा खुनी वेगळा आणि माझा वेगळा.

वहीत एका ओळीत आटपलं : ‘अर्नाळकर. पुष्कळ. माळ्यावर, पालथं पडून.’